उजागरे सरांची पोकळी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. बहात्तरच्या दुष्काळात, एका शनिवारी दुपारी, मी एक आकडेमोड केली नाही. केली असं वहीत दाखवलं आणि खाली सही ठोकली. नुसतं उतरवून काढायचं, पंधरा मिनिटांचं काम. त्याने कोणाचा जीव गेला नाही, पण त्या पंधरा मिनिटांपायी एक हुशार माणूस दीड वर्ष स्वतःच्याच डोक्याला भिऊन जगला. तो माणूस म्हणजे आमचे उजागरे सर. शेवट बरा झाला, हेही आत्ताच सांगून ठेवतो. नाहीतर मी हे लिहायला बसलोच नसतो.

सर नगरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि उजव्या पायाला विजारीवर सायकलची क्लिप. ही क्लिप ते वर्गातसुद्धा काढत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "काढली की शोधत बसावी लागते. पायाला आहे तोवर ती कुठं आहे हे मला माहीत आहे. जगात इतक्या खात्रीच्या गोष्टी किती असतात?"

फळ्यावर लिहिताना त्यांची चूक झाली तर ते डस्टर हातात घेत नसत. चुकीवर एक आडवी रेघ मारायचे आणि शेजारी बरोबर ते लिहायचे. तास संपेपर्यंत ती चूक तिथेच, सगळ्या वर्गासमोर. मी कर्जतहून पहिल्या वर्षाला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळ्यावर बोलावलं. माझा गुणाकार चुकला आणि मी घाबरून तो तळहाताने पुसला. सर म्हणाले, "अरे नलवडे, पुसलीस कशाला? आता ती तुझ्या हाताला लागली. दिवसभर घेऊन हिंडशील." वर्ग हसला. मीही हसलो.

सरांचे वडील आमच्याच कर्जत भागातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी तिथेच प्रार्थना चालवायचे. सर पुण्याला शिकले. तिथेच राहिले असते तर कुठल्या कुठे गेले असते, असं सगळे म्हणायचे. पण वडिलांची स्मृती पंचावन्नाव्या वर्षीच जाऊ लागली. शेवटी शेवटी ते स्वतःच्या मुलाला "आपण कोणाचे?" असं अदबीने विचारायचे. त्यांच्यासाठी सर नगरला आले आणि इथेच राहिले. वर्गात बोलायचे ते पुस्तकी मराठी. मात्र एखादी कल्पना डोक्यात शिरली की त्यांची बोली कर्जतच्या वळणावर जायची. "लई भारी हाय हे," असं सरांच्या तोंडून ऐकलं की समजायचं, आता तासाची घंटा झाली तरी सुटका नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. सर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकू द्या. मोठी अक्षरं त्यांना दिसत, पण लॉग टेबलातले मुंगीएवढे आकडे दिसत नसत. म्हणून त्यांची आकडेमोड माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर त्यांचा नियमही आला.

त्या नियमाला ते "दोन हात" म्हणायचे. प्रत्येक हिशेब दोनदा व्हायला हवा, दोन वेगळ्या माणसांच्या हातून. एकाने वहीच्या पुढून सुरुवात करायची आणि आपलं पान टाचणीने बंद करायचं. दुसऱ्याने वही उलटी धरून मागच्या बाजूने करायचं, पहिलं पान न बघता. मग दोन्ही पानं उघडायची. जुळली तर खाली सह्या. माणूस एकच असेल तर मध्ये निदान एक दिवस जायला हवा. सर म्हणायचे, "दोन दिवस म्हणजे दोन माणसं. कालचा माणूस आजच्याला ओळखत नाही, म्हणून तो त्याची भीड धरत नाही." मी वर्षभर हा नियम इमानाने पाळला. एकदाही पानं चुकली नाहीत. सर स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगायचे, "नलवड्याचा हात म्हणजे माझे डोळे." मला ते फार आवडायचं. इतकं आवडायला नको होतं, असं आता वाटतं.

आता त्या पोकळीबद्दल सांगायला हवं.

फोटो धुवायला जो हायपो वापरतात, त्याचा एक जुना प्रयोग आहे. त्याचे खडे परीक्षानळीत गरम केले की पातळ होतात. नळीच्या तोंडाला कापूस लावून, धक्का न लावता ती गार होऊ दिली तर ते पुन्हा घट्ट व्हायला हवेत, पण होत नाहीत. पाण्यासारखे पातळच बसून राहतात. मग वरून हायपोचा एकच कण टाकायचा. त्या कणापासून पांढरं पसरत जातं, बघता बघता नळीभर दगड होतो आणि नळी हाताला गरम लागते. सर हा प्रयोग दर वर्षी करायचे. त्या वर्षी त्यांनी नळी उजेडात धरली आणि कण न टाकता नुसतेच बघत राहिले.

"हे खोटं पातळ आहे," ते म्हणाले. "याला घट्ट व्हायचंय, त्यातच याला आराम आहे. पण सुरुवात कोणी करायची म्हणून बसलंय. नलवडे, आता मला सांग, ज्या पोकळीत हे सगळं जग उभं आहे, ती तरी अगदी तळाची कशावरून?"

मला प्रश्नच कळला नाही. मग पुढचा महिनाभर ते मला समजावत होते. आपण ज्याला निर्वात म्हणतो, काहीच नसलेली जागा, ती भौतिकशास्त्रात नुसती रिकामी नसते. ती ऊर्जेची सगळ्यात खालची अवस्था मानतात. पण डोंगराच्या उतारावर एखादा खळगा असतो. गोटी त्यात घरंगळून बसली की तिला वाटतं, हाच तळ. खरा तळ पलीकडे, खूप खाली असतो. मध्ये उंचवटा आहे म्हणून गोटी पडत नाही. साधी गोटी कधीच पडणार नाही. पण अणूंच्या जगात कण उंचवटा न चढताही कधीतरी पलीकडे निघतात. रेडियममधून अल्फा कण असेच बाहेर येतात, हे आम्ही मुलांना शिकवतोच. मग सगळी पोकळीच अशी कुठेतरी, एखाद्या बिंदूत, पलीकडे का निघू नये?

आणि निघाली तर? सरांनी त्याचाही विचार केला होता. खऱ्या पोकळीचा एक बुडबुडा तयार होईल. फार लहान असला तर उकळत्या पाण्यातल्या बारक्या बुडबुड्यासारखा आपोआप मिटेल. एका ठराविक आकाराहून मोठा झाला, तर मग त्याला कोणी थांबवू शकणार नाही. तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वाढत जाईल. त्याच्या आत कणांचं वजन वेगळं, बळं वेगळी. आपले अणू तिथे टिकणार नाहीत. सूर्य नाही, नगर नाही, कर्जत नाही.

हे सगळं ऐकत आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई बाबुराव कपाट पुसत होते. केडगावचे होते, रोज सायकलने यायचे. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"सर, मंग ती फुटाया लागली तर आपल्याला आदुगर कळंल न्हवं?"

"नाही ना बाबुराव. तो बुडबुडा प्रकाशाच्या मागोमागच येणार. बातमी आणि संकट एकाच टपालाने येतील."

"म्हंजी कळायच्या आत खल्लास?"

"कळायच्या आत."

बाबुरावांनी विचार केला. "मंग लई बेस हाय की. ह्या दुष्काळावानी आभाळाकडं बघत तरी बसाया नको."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यानंतर वर्षभर बाबुराव रोज सकाळी कुलूप काढताना विचारायचे, "सर, पोकळी हाय ना जाग्यावर?" आणि सर म्हणायचे, "आहे. चहा टाका."

खरा प्रश्न एवढाच होता, की अशी पोकळी किती काळ टिकेल. सरांनी त्यासाठी वर्षभर गणित मांडलं. मोठ्या अक्षरात, जाड शाईने, चाळीसेक ताव भरले. शेवटी एक सूत्र आलं. बुडबुड्याच्या भिंतीचा ताण चार वेळा गुणायचा आणि दोन पोकळ्यांमधल्या ऊर्जेच्या फरकाने तीन वेळा भागायचं. त्यातून येणारा आकडा शेकड्यांत, हजारांत आला तर पोकळी टिकाऊ, विश्वाच्या आजवरच्या वयाहून कितीतरी जास्त. तोच आकडा एकाच्या आसपास आला तर ती जन्मतःच मोडायला हवी. भिंतीचा ताण किती धरायचा, फरक किती धरायचा, हे सरांनी बराच विचार करून आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि सही केली. "आता हे बदलायचं नाही," ते म्हणाले. "उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलणं ही लबाडी आहे." मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांचे पुण्याचे जुने वर्गमित्र होते. त्यांनी पत्राने कळवलं होतं, आकडा काढून पाठव, मग बोलू.

गुरुवारी मी पहिलं पान केलं. दुसरं शनिवारी करायचं होतं. शनिवारी सकाळी घरून निरोप आला की रविवारी माझी सुपारी फोडायची आहे, दुपारच्या गाडीनेच निघ. गाडीला तासभर होता. हिशेबाला दोन तास तरी लागले असते. मी वही उलटी केली, पहिल्या पानाची टाचणी काढली आणि बघून उतरवलं. बघितल्यासारखं वाटू नये म्हणून दुसरी दौत घेतली आणि दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली. मग सही केली आणि एसटी स्टँडवर धावलो.

सोमवारी सरांनी विचारलं, "किती?"

"सर, एकाच्याही खाली."

"दोन्ही पानं?"

"दोन्ही."

सर खिडकीपाशी गेले. बाहेर बाबुराव टँकरमधून आणलेलं पाणी रांजणात ओतत होते, एक थेंब सांडू न देता. सर बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "बाबुराव आहेत. म्हणजे मी चुकलो."

त्या दिवशी ते हसून म्हणाले होते. पुढे हसू राहिलं नाही. महिनाभर त्यांनी आपले चाळीस ताव पुन्हा पुन्हा तपासले. मांडणीत चूक सापडेना. आकड्यात चूक नाही, कारण दोन हातांनी केलेलं. मग चूक आहे कुठे? जी चूक आहे आणि दिसत नाही, तिचा त्यांनी एकच अर्थ लावला. एकदा मला म्हणाले, "वडिलांचंही असंच सुरू झालं होतं रे. आधी प्रार्थनेतली ओळ हुकायची. त्यांना वाटायचं, बरोबर म्हणतोय." सूत्रात सगळं बरोबर असून जग टिकत नाही, याचा दोष त्यांनी सूत्राला दिला नाही, जगालाही दिला नाही. स्वतःच्या डोक्याला दिला.

चूक मला जानेवारीत सापडली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी लॉग टेबल शिकवत होतो. एकाहून लहान संख्येचा लॉग लिहिताना पूर्णांकावर आडवी रेघ देतात, त्याला बार म्हणतात. बार म्हणजे उणे, पण दशांशचिन्हापुढचा भाग मात्र अधिकच असतो. चाराने गुणताना त्या भागातून जे हातचे येतात, ते बारमधून कमी करायचे. एका मुलीने ते मिळवले. आठ बारचे सहा व्हायचे, ते तिने दहा केले. मी म्हणालो, "अगं, हातचे इथे वजा होतात," आणि माझा खडू थांबला. गुरुवारी भिंतीच्या ताणाचा चौथा घात करताना मी हेच केलं होतं. अगदी हेच, आठचे दहा. तास संपल्यावर मी एकट्याने हिशेब पुन्हा केला. उत्तर दहा हजार पटीने वाढलं. चार हजारांच्या वर गेलं. पोकळी टिकत होती. सर बरोबर होते.

मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक सांगायची मला लाज नव्हती, बारची चूक कोणाचीही होते. पण चुकीच्या मागोमाग पुढचा प्रश्न येणार होता, की मग दुसऱ्या पानावर तीच चूक कशी? त्याचं खरं उत्तर मला द्यायचं नव्हतं. उद्या सांगू म्हणालो. मग परीक्षा झाल्यावर म्हणालो. मग माझं लग्न झालं. सर लग्नाला आले, पत्नी करुणाबाईंना घेऊन, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "याच्या हाताला सांभाळ. लाखात एक हात आहे." मी खाली बघितलं. लोकांना वाटलं, लाजतोय.

त्या वर्षभरात सर बारीक झाले. हायपोचा प्रयोग बंद केला. वर्गात मुलांनी आडवातिडवा प्रश्न विचारला की पूर्वी त्यांचा चेहरा उजळायचा, आता ते म्हणायचे, "पुस्तकात बघा." फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि दारात उभ्या असलेल्या मला विचारायचे, "नलवडे, सात अठ्ठे छप्पन्नच ना?" साठ मुलांसमोर. मी म्हणायचो, "हो सर, छप्पन्न." मुलं हसू दाबायची. बाबुराव सकाळी पोकळीचं विचारायचे थांबले. मला एकदा कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "भाऊसायेब, सरांस्नी कुनी काय बोललं का? मानूस आतून वाळत चाललाय." मी म्हणालो, काही नाही, वय झालं. पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या माणसाला मी म्हणालो, वय झालं.

आणि मग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका शनिवारी बाबुरावच सांगत आले. "सर सोडून चालल्यात. कागूद लिवलाय. सोमवारी प्रिन्सिपॉलसायबांस्नी देनार हायती. म्हनत्यात, डोकं चालंना, पोरांचं नुकसान नको. तुमी तरी सांगा की त्यांस्नी. तुमचं ऐकत्यात ते."

ती रात्र आणि रविवारची सकाळ कशी गेली ते सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बायकोला मी सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मग अजून घरात काय करताय?"

पुढचं आधी सांगून टाकतो. सरांनी तो कागद दिला नाही. निवृत्तीपर्यंत आणखी चार वर्षं शिकवलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हायपोच्या नळ्या पुन्हा बाहेर आल्या. गणित नवीन आकड्यासह मुंबईला गेलं तेव्हा त्यांच्या मित्राचं उत्तर आलं की परदेशात कोणीतरी याच दिशेने लिहू लागलं आहे, तुला थोडा उशीर झाला. ते पत्र वाचून मी मनातल्या मनात दीड वर्ष मोजलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि खुशीत मांडीवर थाप मारली. "म्हणजे हे वेड दुसऱ्यालाही लागलंय! एकट्यालाच लागलं असतं तर काळजीची गोष्ट होती." मी उशिराबद्दल काही बोलायला गेलो, तर म्हणाले, "अरे, पोकळी काय माझ्या नावावर आहे का?" शेवटपर्यंत त्यांची स्मृती शाबूत राहिली. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मला माझ्या थोरल्या मुलीचे बारावीचे मार्क विषयवार विचारत होते. आणि त्या चार वर्षांत वहीचं दुसरं पान सरांनी माझ्याकडेच ठेवलं. मी म्हणालो, दुसऱ्या कोणाला तरी द्या. ते म्हणाले, "नको. आता तूच नीट करशील." एवढं सांगितलं, आता त्या रविवारकडे जातो.

सर तेव्हा सावेडीला राहायचे. वस्ती नवीन होती, रस्ते कच्चे, दोन घरांच्या मध्ये मोकळी शेतं. मी पोचलो तेव्हा चर्चहून येऊन त्यांचं जेवण झालं होतं. करुणाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलास. तू तरी समजाव. कालपासून तो कागद दहादा लिहिलाय. अक्षर बरोबर आलं का, मला विचारतात."

सर आत टेबलाशी होते. समोर राजीनाम्याचा कागद, त्यावर पेपरवेट. "ये नलवडे. बघ, यात काही चुकलंय का?"

मी पिशवीतून वही काढली. पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवलं. मी वर्गात शिकवतात तसं एकेक पायरी सांगत गेलो. "सर, इथे चाराने गुणलंय. हातचे दोन आले. ते बारमधून वजा करायचे. मी मिळवले."

सरांनी चष्मा कपाळावर केला, वही नाकाला लावली. "आठ बार. हातचे दोन." त्यांची बोटं टेबलावर मोजू लागली. "सहा. सहा बार! हाय रे देवा. मग पुढं?"

"पुढे आकडा चार हजारांवर जातो, सर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग उठले, दाराशी गेले आणि ओरडले, "अगं ए, जग टिकतंय! लई दिवस टिकतंय!"

"टिकू दे," बाई ओट्यावरून म्हणाल्या. "एवढा गहू निवडून व्हायचाय."

सर परत आले, माझे दोन्ही खांदे धरले आणि हलवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने हसत होते. "बारची चूक! वेड्या, बारची चूक! मला वाटलं, माझं डोकं गेलं. दीड वर्ष रोज सकाळी उठून आधी बायकोचं नाव आठवून बघत होतो मी." त्यांनी राजीनाम्याचा कागद पेपरवेटखालून ओढला आणि त्याच्याच पाठीवर चार हजारांचा आकडा मोठ्ठा लिहिला. "अरे, एवढंसं तोंड काय करतोस? चूक होते. माझीही झाली असती. अगं, याला सरबत दे."

सरबत आलं. मी ग्लास हातात धरून बसलो. सर वही उलटसुलट करत दोन्ही पानं बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी पडली. "पण एक नवल आहे रे. दोन्ही दिवशी तीच चूक? अगदी त्याच जागी?" मी ग्लास तोंडाला लावला. त्यांनीच माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनीच माझ्यासाठी उत्तर शोधलं. "होतं असं. हाताला सवय लागते. एकदा गेलेल्या वाटेनंच हात जातो. सोड." त्यांनी वही मिटली.

त्या क्षणी मी सुटलो होतो. सरांनी मला दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो सर" म्हणायचं होतं, दीड वर्ष म्हणत होतो तसं. मी सरबत संपवलं, नमस्कार केला, बाहेर आलो. बाई म्हणाल्या, "आज किती दिवसांनी हसले बघ." मी सायकलचं स्टँड काढलं, फाटकापर्यंत गेलो. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. फाटकाची कडी काढली, आणि माझ्या लक्षात आलं की मी एकच ओझं उतरवलंय. आतला माणूस आता आपल्या डोक्यावर विश्वास ठेवेल, पण माझ्याही हातावर ठेवेल, आणि तो विश्वास मी खोटं बोलून मिळवलेला असेल. आयुष्यभर त्याच्या तोंडून "लाखात एक हात" ऐकावं लागेल.

मी सायकल फाटकाला टेकवली आणि परत गेलो. सर उभेच होते, खिडकीपाशी, उजेडात कागद धरून. मी आत गेलो नाही. उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो.

"काय रे, काही विसरलास?"

"सर, दोन दिवस नव्हते. शनिवारी मला गाडी गाठायची होती. दुसरं पान मी केलंच नाही, पहिलं बघून उतरवलं. दौत बदलली ती तुम्हाला कळू नये म्हणून. बारची चूक मला गेल्या वर्षी जानेवारीतच सापडली होती. तुम्ही सात अठ्ठे विचारत होतात तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी गप्प राहिलो. चूक झाली त्याची माफी मागत नाही सर. तुमचं डोकं ठणठणीत आहे हे माहीत असून तुम्हाला भिऊ दिलं, त्याची मागतो. माझं चुकलं. मला माफ करा."